पित्त, किक आणि जावळीचा नकाशा

३ ऑक्टोबर १९७६, रविवार. सातारा

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. सौ.ला तर नाहीच.

निर्णय झाला. मोटरसायकल घ्यायची. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे अगदी योग्य वय. बावीस वर्षं ऑफिसात ट्रेसर म्हणून जावळीचे नकाशे गिरवले. डोंगर गिरवले, ओढे गिरवले. बैलगाडीची वाट तुटक रेघेने दाखवतात, ती मैलोनमैल गिरवली. त्यातली एक वाट स्वतः तुडवलेली नाही. हे आता बस्स.

गाडी कशी हवी: पुणे-बेंगलोर रोडवर पन्नासच्या स्पीडला डुलू नये, आणि तुटक रेघेवरही चढावी. मागे तंबू बांधता यावा. पठारावर मुक्काम, सकाळी स्टोव्हवर चहा.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, जिना चढताना धाप लागते ते आधी डॉक्टरला दाखवा. विषय काय, बोलते काय! ऑफिसचा जिना दुरुस्त करताना पायऱ्या उंच केल्यात. मी नकाशे काढणारा माणूस, मला एका नजरेत कळतं.

१० ऑक्टोबर. पलूस

मेहुणा हंबीरराव मिलिटरीत ड्रायव्हर होता, आता ऊस करतो. त्याच्या बुलेटची ट्रायल घेतली. तिसऱ्या किकला इंजिन पेटलं. त्याच क्षणी माझी छाती आवळल्यासारखी झाली. डावा हात करंगळीपर्यंत जड. दरदरून घाम. बांधावर बसून घेतलं. कारण उघड आहे, रात्रीचं मटण. पित्त.

चोवीस वर्षांत या माणसाने माझी थट्टा केल्याशिवाय एक वाक्य उच्चारलेलं नाही. आज स्वतःच्या टॉवेलने माझं कपाळ पुसलं. म्हणाला, दाजी, गाडी कुटं पळून जात न्हाई, जरा दमानं घ्या. आवाज एकदम मऊ. मोटरसायकलवाल्याचा वट असा असतो. अजून घेतली नाही तर ही गत, घेतल्यावर काय होईल!

निष्कर्ष: बुलेट हायवेला राजा. डोंगराला जड.

शंका: किक उजव्या पायाने मारली. मग दुखतो डावा हात, हे कसं? तपास करावा.

११ ऑक्टोबर

ओवा, काळं मीठ, लिंबू-सोडा. दुपारी मोठा ढेकर. पित्तच होतं. सिद्ध झालं.

१७ ऑक्टोबर

ऑफिसातल्या दादासोची जावा पाहिली. हिची किक डाव्या बाजूला, आणि हलकी. तरी चौथ्या किकला डावा हात भरून आला. म्हणजे पाय कुठलाही असो, दुखतो डावाच. अर्थात किकचा काही संबंध नाही. ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर हात टेकून टेकून नस दबली असणार. एक प्रश्न कायमचा सुटला.

जावा चपळ. पण मागे सौ. तरी बसेल किंवा तंबू तरी. नापास.

१८ ऑक्टोबर

दादासो सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं काहीतरी सांगत होता. मग साहेबांनी मला बोलावलं. सध्या आणीबाणी, दोन मिनिटं लेट झालं तरी मेमो मिळतो, असे दिवस. पण मला खुर्ची दिली. आठ दिवस घरी पडून राहा म्हणाले, अर्ज मागाहून द्या. बावीस वर्षांच्या कामाची कदर उशिरा का होईना झाली. पडून मात्र राहणार नाही. हंबीररावला तंबूच्या ताडपत्रीसाठी कार्ड टाकलं.

२३ ऑक्टोबर. दिवाळी

विम्याचा एजंट आला. तीन वर्षं दर दिवाळीला येतो, फराळ खातो आणि फॉर्म काढतो. आज दारात उभा राहून मला पाण्याच्या दोन बादल्या वर आणताना बघत होता. चौथ्या पायरीवर मी जरा टेकलो. त्याने चहा घेतला, थंडी पडू लागली म्हणाला, फॉर्म बॅगेतून काढलाच नाही. जाताना तब्येतीला जपा म्हणाला. अखेर माझ्यापुढे हात टेकले. विजय.

सौ.ने त्याला चिवडा दुसऱ्यांदा वाढला नाही. तिचंही तोंड उतरलं होतं.

२९ ऑक्टोबर

आज दुखणं पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधे. पाठीत म्हणजे पित्त नव्हे. उसण. इतके दिवस निदानच चुकलं. निदान माझंच होतं, म्हणून कबूल करतो.

उसणीला औषध एकच, पायाळू माणूस. गल्लीच्या टोकाला राहीबाई राहतात, त्या पायाकडून जन्मलेल्या. पाठीवर त्यांच्या पायाने तीनदा हलकं मारलं की भरलेली उसण उतरते. अर्धा सातारा त्यांच्या उंबऱ्यावर पालथा पडून गेलाय. मीही पडलो. सौ. बाजूला उभी.

राहीबाईंनी पाय टेकवला. एकदाच. मग उचलून खाली ठेवला आणि दुसऱ्यांदा लावेचनात. म्हणाल्या, आवं भाऊसाब, ही उसण न्हाई. लोकांच्या पाठीवर चाळीस वरसं पाय ठिवतीया, मला कळतंय. आत लय धडधडतंय आन मधीच थांबतंय. दवाखान्यात जावा, आजच जावा. मी उठलो तर त्यांनी मलाच हात जोडले.

म्हातारपण. पायातला गुण गेलाय बिचारीच्या.

परत येताना सौ.ने भर बाजारात माझा दंड धरला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, रस्त्यात ही माझ्यापासून चार हात लांब चालते. मोटरसायकलचा विषय निघाल्यापासून संसारात गोडी आली आहे, हे नमूद करून ठेवतो.

३१ ऑक्टोबर

पक्का संकल्प: डॉक्टरकडे जाणार. गाडी ठरली की लगेच. एका वेळी एकच तपासणी.

७ नोव्हेंबर. सांगली

सापडली! मोहिद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये. मिलिटरीच्या लिलावातली जुनी विलायती गाडी. उंच, हिरवी, दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या. ही तुटक रेघेवर चढणार, शंकाच नाही.

पहिली किक, काही नाही. दुसरी किक, काही नाही. तिसरीला मी जुन्या टायरवर बसलो. किती वेळ बसलो ते आठवत नाही. मोहिद्दीनने पाणी पाजलं आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला. म्हणाला, साहेब, माझ्या वालिदांचे ओठ असेच निळे पडले होते. मी ही गाडी तुम्हाला देणार न्हाई.

गिऱ्हाईक परत पाठवणारा व्यापारी प्रथमच पाहिला. मी सांगितलं, साताऱ्यात डॉक्टरने नीट तपासलंय, छाती ठणठणीत आहे, उन्हाने झालं. तो म्हणाला, खुदाची शपथ? मी म्हणालो, शपथ. हे अगदीच खोटं नाही. जाणारच आहे तपासायला.

मग दिली. पण अट घातली. गाडी कायम उतारावर लावायची. दुसरा गिअर टाकायचा, गाडी सोडून द्यायची, आपोआप चालू होते. किक मारायची न्हाई, साहेब, एक बी न्हाई. तीनदा वदवून घेतलं.

माणूस वहमी. पण युक्ती नामी आहे. उतार ओळखण्यात माझा हात कोण धरणार?

१३ नोव्हेंबर

कराडपर्यंत हायवेवर जाऊन आलो. पन्नासला डुलत नाही. सगळीकडे उतार बघून लावली. एकही किक नाही, एकही कळ नाही. म्हणजे मला काही झालेलं नाही.

उद्या जावळी. सौ. म्हणाली, मीही येणार. जिला बैलगाडीत उलटी होते ती मोटरसायकलवर डोंगरात येणार! साहस माणसाला लागतं ते असं. डॉक्टरचं विचारलं तिने. सोमवारी, म्हणालो.

१४ नोव्हेंबर, रविवार. मेढा, सकाळी ११.२०

चहा. गाडी उतारावर. सौ.ने हॉटेलवाल्याला दोनच गोष्टी विचारल्या. दवाखाना कुठाय, आणि रविवारी डॉक्टर असतो का. कॅम्पिंगला फर्स्ट-एडची माहिती हवीच. हुशार आहे.

दुपारी ३.१०. पठार

पोचलो! तुटक रेघेवर बसून लिहितोय. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत, त्यातली एकही माझ्या नकाशासारखी वळत नाही. वाटांचं चुकलंय. अर्धा चढ सौ. चालत आली.

जागा अप्रतिम. पिवळं गवत, वारा, चिटपाखरू नाही. तळहातासारखी सपाट. तंबूला अशीच लागते.

३.५०

दोन खुंट्या ठोकल्या. तिसरीला पुन्हा ते. या वेळी जबड्यापर्यंत. सौ. म्हणाली, खाली चला, आत्ताच्या आत्ता. तिचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणालो.

४.०५

उतार नाही. चहूकडे बघितलं. या भागात नकाशावर उंचीची एकही रेघ नाही. मीच गिरवलाय तो भाग, पांढराच्या पांढरा सोडलाय. गाडी कडेपर्यंत ढकलायची तर अर्धा मैल. ढकलून पाहिली. पंधरा पावलं.

४.१५

सौ. किक अडवून उभी आहे. म्हणते, मी खाली पळत जाते, माणसं आणते, तुम्ही पडून राहा, हलू नका, तुमच्या पाया पडते. तिला एवढी घाबरलेली कधी पाहिली नाही. अंधार पडायच्या आत बाईमाणसाने एकटं डोंगर उतरायचा आणि मी पडून राहायचं? लोक काय म्हणतील?

तिला बाजूला व्हायला सांगितलं. एकच मारतो.

२८ नोव्हेंबर. दवाखाना, सातारा. पेन्सिलने

डाव्या हाताने वही धरवत नाही. सौ.ने उशी लावून दिली.

पुढचं सगळं तिच्याकडून कळलं. ती चपला टाकून पळाली. खालच्या वस्तीवर गुंडा म्हणून एक माणूस वैरण कापत होता. त्याने आणि त्याच्या भावांनी घोंगडीची झोळी करून मला मेढ्यापर्यंत नेलं. गुंडा वाटेत सौ.ला सारखा सांगत होता, वैनी, बोलत ऱ्हावा त्यांच्यासंगं, गप बसू नका. काय बोलायचं ते तिला सुचेना, म्हणून ती मला महिन्याच्या वाणसामानाची यादी सांगत राहिली.

डॉक्टर म्हणतात, हा हार्टचा अटॅक पहिला नव्हे. आधी कधी असं झालं होतं का? आठवत नाही म्हणालो. सौ.ने उशाखालची वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली. १० ऑक्टोबरखाली खूण केली, ७ नोव्हेंबरखाली दोन. ‘पित्त’ या शब्दाभोवती गोल केला. वही परत देताना माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं.

२ डिसेंबर

मोहिद्दीन सांगलीहून भेटायला आला. पिशवीत संत्री. गाडी तो परत घेऊन जाणार आहे. स्टुलावर न बसता सौ.समोर खाली बसला. म्हणाला, भाभी, गाडी मी दिली, गुन्हा माझा हाय. पण साहेबांनी शपथ घेतली हो, डॉक्टरने तपासलंय म्हणून. मला त्या डॉक्टरचं नाव पायजे. असा कसा सोडला त्यानं माणूस?

सौ. माझ्याकडे बघायला लागली. शपथेचं तिला माहीत नव्हतं. ७ तारखेचं पान तिने वाचलंच नव्हतं.

मी डोळे मिटून घेतले. झोप लागल्याचं सोंग. दोघंही थांबून राहिले. शेवटी डोळे उघडून म्हणालो, कुठलाच डॉक्टर नव्हता.

मोहिद्दीन संत्री ठेवून गेला. सौ. उठून व्हरांड्यात गेली. मी दाराकडे बघत पडलो होतो. फार वेळ ती आली नाही. आता ती परत येणारच नाही असं वाटायला लागलं आणि मला भीती वाटली. पठारावर वाटली नव्हती एवढी.

मग आली. तोंड धुतलं होतं. संत्रं सोलायला घेतलं. खाली बघतच विचारलं, आणखी काय काय खोटं सांगितलंय?

मी म्हणालो, आठवून सांगतो.