शालिकरामानंतरचा प्याला

अकोला, ता. ७ मार्च १९२७

ती. माणिकबाईस, धाकट्या भगवंताचा सलाम, वि. वि.

तुझी भावजय जयवंता बरी आहे. पोरीला दात येताहेत, म्हणून घरात सारखी किरकिर.

बाई, कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुला लिहितो. काल आमच्या देवळात प्रभुभोजन होतं. मरणाआधी येशूनं आपल्या माणसांत भाकर मोडली, द्राक्षरसाचा प्याला फिरवला. त्याची आठवण म्हणून महिन्यातून एकदा आम्ही सारे एकाच प्याल्यातून पितो. माझ्या आधी शालिकराम बसला होता. वेशीबाहेरच्या वस्तीतला, फार सरळ माणूस. त्यानं पिऊन प्याला माझ्या हाती दिला आणि माझा हात अडला. न पिताच मी तो पुढे दिला. त्यानं पाहिलं. उलट बाहेर पडताना पोरीची चौकशी केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पाळकसाहेब म्हणाले, मन तयार नसेल तर पुढल्या वेळी बसू नकोस. पण नाही बसलो तर मी कुठला राहिलो? तुमच्या पंगतीतून सात वर्षांपूर्वीच उठलो.

तुझी माया तरी आटू देऊ नकोस.

तुझा भगवंत

अमरावती, ता. १२ मार्च

चि. भगवंतास अ. उ. आ.

तुयं पत्र भेटलं. एवढा राग आला का वांग्याचं टोपलं तसंच ठेवून लिहाले बसली. अरे बाबू, तू बाप्तिस्मा घेतला तवा माय किती रडली, इसरला काय? म्या इचारलं होतं, काहून जातं रे? तू म्हनला, बाई, तिथी कोनी वरचा नाही, कोनी खालचा नाही. माय मरेपावतर तेच सांगत राहिली, का माया पोरगा वाईट जागी नाही गेला. अन् आता तू प्याला पुढे सरकवून राहिला? मंग मायले कायले रडवलं?

शालिकरामाच्या हातचं पानी म्याबी पेलं नसतं, खोटं कायले बोलू? तुया घरीबी मी आपला गडू घेऊनच येतो, जयवंताच्या माठाले हात लावत नाही. पन मी जे म्हनतो तेच करतो. तू म्हनतं एक, करतं एक! तुया येशूनं तवा कोनाकोनाले जवळ बसवलं होतं, ते आधी मले लिहून धाड.

रागावली म्हनून पत्र बंद करशील तर पाह्य! पोरीले गोड पापा.

तुयी बाई

अकोला, ता. ४ एप्रिल

ती. बाईस भगवंताचा सलाम, वि. वि.

तू विचारलंस म्हणून शुभवर्तमान पुन्हा उघडलं. येशूला ज्यानं धरून दिलं, तो तिथे बसला होता. ज्यानं पुढे ओळखसुद्धा नाकारली, तोही. येशूला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं कुणाला उठवलं नाही. मला वाटे, मन धुऊनपुसून मगच तिथे जायचं. ते मेज माझ्यासारख्यांसाठीच मांडलंय, बाई.

काल देवळात शालिकराम अगदी मागच्या बाकावर बसला होता, सगळ्यांच्या शेवटी. मी उठलो आणि सर्वांदेखत त्याच्या पलीकडे जाऊन बसलो. प्याला त्याच्याकडून माझ्या हाती आला. मी प्यायलो.

बाहेर येऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, फार लागलं होतं, आता देवळात यावं की नाही असा महिनाभर विचार करत होता. बाई, त्या दिवशी प्याला तसाच पुढे देऊन मी एकटाच त्या मेजावरून उठलो नव्हतो, त्यालाही उठवत होतो. दोघेही तिथेच रडलो.

अशीच कान उपटत राहा.

तुझा भगवंत

अमरावती, ता. ९ एप्रिल

चि. भगवंतास अ. उ. आ.

तुयं पत्र दोनदा वाचलं. मायची लय आठवण आली. आज माय पाहिजे होती रे!

बुधवारी बडनेऱ्याहून गाडी धरून येतो. पोरीसाठी झबलं शिवलं, वांगेबी आनतो. ऊन लय तापून राहिलं. जयवंताले सांगजो, माठ भरून ठेव. यावेळी गडू आनत नाही.

तुयी बाई