वाळूतला ढब्बू पैसा

॥ श्री ॥

चौल,
२ जून २०२५

चि. अनुयास दादाचे चौलहून आशीर्वाद, आणि पत्र मिळताच उत्तर धाडण्याचा हुकूम.

परवा एकतीस तारखेला टपाल खात्यातून सुटलो. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःची लिहीन म्हणतो. तू म्हणशील, फोन का नाही करत. फोनवर तू ‘बरं, बरं’ करून उरकतेस आणि मी वैतागतो. त्यापेक्षा हे बरं. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठे जायचंच नाही त्याला घड्याळ कशाला देतात, हे मला कळलेलं नाही.

वाडीत सुपारी बरी आहे, नारळ माकडांनी धरले आहेत. आता खरी बातमी सांगतो, हसू नकोस. मी टाकी पुन्हा लावतोय. तीच, चार फुटी, खाऱ्या पाण्याची. नऊ वर्षं मागच्या पडवीत पडून होती, जुन्या वाळूसकट आणि मेलेल्या दगडांसकट. काल तिच्यावरचं गोणपाट काढलं तर आत पालीने संसार थाटलेला. काच मात्र शाबूत आहे. दरम्यान हा शौक कुठल्या कुठे गेला. दिवे बदलले, पंप बदलले, दुकानातला दीपेश मला आजोबा म्हणून समजावून सांगतो. तरी हात शिवशिवतात.

समोरचा हिरामण, तो ट्रकवाला, रोज छळतो. समुद्र हाकेवर असताना हा मुंबईहून मिठाची पोती आणतो, आमच्या आगरातलं मीठ याला चालत न्हाय व्हय, असं गावभर सांगत फिरतो. पावसात खाडीचं पाणी अर्धं गोडं आणि गढूळ होतं, त्यात प्रवाळ जगत नाही, हे त्याला किती वेळा सांगू?

खरं सांगू का अनुया, घरात आवाज नाही. तुझी दुर्गावहिनी चिडवायची, की तुम्ही माझ्याशी बोलत नाही तेवढं त्या माशांशी बोलता. आता ती नाही आणि मासेही नाहीत. तोंडाला बुरशी येईल असं वाटतं.

मृणालला सुट्टी मिळाली की पाठव. लहानपणी तिला टाकीचं केवढं वेड होतं. हल्ली इकडे का फिरकत नाही कोण जाणे. दवाखान्यात काम फार असेल.

सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
सलिल

———

नाशिक,
१० जून २०२५

ती. दादास अनुयाचा नमस्कार.

पत्र पोचलं. टाकी लाव, जरूर लाव. पण मृणाल का फिरकत नाही, हे ‘कोण जाणे’ नाही. मी जाणते. नऊ वर्षं गिळून बसले होते, आज लिहिते. राग आला तर येऊ दे.

आठवून बघ. नारळी पौर्णिमेच्या दुपारी तू वहिनीला घेऊन मुंबईला गेलास, तिच्या पहिल्या केमोला. मी आणि मृणाल घर सांभाळायला राहिलो. तू माशांच्या खाण्याच्या पुड्या बांधून, वर वार लिहून दिल्या होत्यास. पोरीने त्या दिवसाची पुडी त्या दिवशी घातली, चिमूटभर इकडची तिकडे केली नाही. पाच दिवसांनी तुम्ही आलात तेव्हा प्रवाळ पांढरं पडून टाकी मेली होती. तू वहिनीला खुर्चीत बसवलंस, टाकीत बघितलंस आणि वळून त्या सोळा वर्षांच्या पोरीला म्हणालास, की तुझ्या हाताला यश नाही, यापुढे कशाला हात लावू नकोस. मग चहा मागितलास. तू तिथेच विसरलास, दादा. ती नाही विसरली.

आता पुढचं ऐक. ती नवजात बाळांच्या विभागात सिस्टर आहे. मे महिन्यात तिच्या पाळीत एक बाळ गेलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं, तळहाताएवढं. डॉक्टरांनी आणि मोठ्या सिस्टरांनी तिला बसवून सांगितलं, की कोणाचीच चूक नाही. पण घरी आल्यापासून ती पीठ मळत नाही, कुंड्यांना पाणी घालत नाही. शेजारची प्राप्ती आपलं तान्हं घेऊन आली तर ही हात मागे धरून उभी राहिली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मामाने सांगितलं होतंच.

तिला बिनपगारी रजा दिली आहे. अकरा ऑगस्टला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. राजीनामा लिहून उशीखाली ठेवलाय, मी पाहिला. एवढी गुणाची मुलगी हे काम सोडून कुठे तरी बिलं फाडत बसेल आणि जन्मभर स्वतःला अवलक्षणी म्हणेल. तू बोललास ते तूच निस्तर. कसं, ते मला विचारू नकोस.

तब्येतीला जप. रागावले आहे म्हणून परकी झाले असं समजू नकोस.

तुझी
अनुया

———

॥ श्री ॥

चौल,
२० जून २०२५

चि. मृणाल, तुझ्या मामाचे तुला मनापासून आशीर्वाद. ते तुला हवेत की नकोत, माहीत नाही.

तुझ्या आईचं पत्र आलं. आधी मला तिचाच राग आला. मी असं बोललोच नसेन, म्हटलं. मग दुपारी जेवायला बसलो आणि माझाच आवाज मला ऐकू आला, अगदी त्याच शब्दांत. बोललो होतो बाळा, तसंच बोललो होतो.

मग चार दिवस टाकी साफ करत बसलो. जुनी वाळू घमेल्यात उपसली. डाव्या कोपऱ्यात, तळाशी, बोटाला काहीतरी चपटं लागलं. हिरवंगार झालेलं. चिंचेने घासलं तर तांब्याचा ढब्बू पैसा निघाला, तुझ्या मामीच्या देव्हाऱ्यातल्या डब्यातला.

तुला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तांबं म्हणजे विष. माशाला ते थोडंफार सोसतं, पण शंख, कोळंबी, प्रवाळ यांना अजिबात नाही. आठव, शंख मरून पडले होते, कोळंबी गेली होती, समुद्रफूल आक्रसलं होतं. जोकर माशांची जोडी तेवढी जगली होती. खूण माझ्या डोळ्यांसमोर पोहत होती, पण मला ओरडायची घाई.

मी असा विचार केला. दुर्गा दर नारळी पौर्णिमेला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नारळ आणि पैसा सोडायची. त्या वर्षी तिला चालवत नव्हतं, म्हणून तिने तो घरातल्या समुद्रात सोडला असणार. तिला तरी काय माहीत. तिच्यावर मला रागावता येत नाही आणि ती आता ऐकायलाही नाही. पण मुद्दा हा, की यात तुझा हात कुठेही नव्हता. विष आधीच पाण्यात होतं. तू पुड्या घातल्यास, एवढंच.

साध्या टपालात नाणं घालू नये, असं मी अडतीस वर्षं लोकांना बजावलं. आज पुरावा म्हणून घालतोय. हातात घेऊन बघ, आणि तो राजीनामा फाड.

उत्तर दिलंस तर माझ्यावर उपकार होतील.

तुझा
मामा

———

नाशिक,
१ जुलै २०२५

ती. मामास मृणालचा नमस्कार.

पाकीट फोडलं आणि पैसा मांडीवर पडला. मी लगेच ओळखला. एका बाजूचा राजाचा चेहरा झिजून सपाट झालाय.

मामा, तो मामीने नाही टाकला. मी टाकला.

त्या सकाळी तू टेंपो ठरवायला गेला होतास. मामीला पलंगावरून उठवत नव्हतं. तिने मला हाक मारून डब्यातला पैसा दिला आणि म्हणाली, की आज दर्याकडे जाणं होत नाही, तर यांच्या दर्यात सोड, नारळ काही त्यात मावणार नाही. आणि हसली. यांना सांगू नकोस, टाकीला हात लावला म्हणून चिडतील, असंही म्हणाली. मी पैसा सोडला आणि तुला दिसू नये म्हणून कोपऱ्यातल्या वाळूत बोटाने खाली दाबला.

तू ओरडलास तेव्हा मामी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मी पैशाचं बोलले असते तर तू तिच्यावर घसरला असतास, म्हणून गप्प राहिले. तांब्याचं मला तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं निदान एवढं तरी वाटायचं, की तू उगाच बोललास. आता तेही गेलं. माझ्याच हाताने झालं होतं, आणि ते मला ठाऊकही नव्हतं. मग त्या बाळाच्या वेळीही मला ठाऊक नसलेलं काही झालं नसेल कशावरून?

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, आईलाही नाही. मामीने पैसा देताना मागणं काय मागायचं ते शिकवलं होतं. मला वाटलं, स्वतःच्या दुखण्याचं मागेल. तिने म्हणायला सांगितलं, की दर्याराजा, यांचं हे इवलं पाणी राख, मी नसले तर घरात यांना बोलायला तेवढंच आहे. मी ते शब्द जसेच्या तसे म्हटले. चार दिवसांनी टाकी गेली आणि पुढच्या एप्रिलात मामी.

म्हणून मी चौलला येत नाही. तुझ्यावर राग नाही. पत्राचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि औषधं वेळेवर घे.

तुझी
मृणाल

———

॥ श्री ॥

चौल,
३० जुलै २०२५

चि. मृणालला मामाचे आशीर्वाद, एक महिना उशिरा.

तुझं पत्र वाचून मी वाडीत जाऊन बसलो, ते हिरामण शोधत येईपर्यंत. मी रडलो असं त्याने तुझ्या आईला फोनवर सांगितलंच असेल. त्याच्या पोटात काही राहत नाही.

दुर्गाने माझ्यासाठी मागितलं होतं. हे न कळताच मेलो असतो. बरं केलंस सांगितलंस.

आता तुझ्या हिशेबातली चूक सांगतो. माझी टाकीची जुनी वही काढली. पहिल्याच पानावर, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं आहे: तांबं अजिबात नको. दुकानदाराने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी त्याच दिवशी लिहिलं. आणि सहा वर्षांत घरातल्या एकाही माणसाला सांगितलं नाही. दुर्गाला नाही, तुला नाही. मला फक्त ‘हात लावू नका’ एवढंच म्हणता येत होतं. हात का लावू नये, काय घालू नये, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मग तुझी मामी तुला तांब्याऐवजी तांदळाचे चार दाणे देती, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. चूक ती माहिती वहीत कोंडून ठेवणाऱ्याची आहे. तू मला वाचवू नकोस आणि स्वतःला मारू नकोस.

त्या बाळाचं मला काही कळत नाही. तुझ्या दवाखान्यात सगळं एकमेकांना सांगतात, लिहितात, तपासतात ना? तेव्हा ते जे म्हणतात ते ऐक. अकरा तारखेला हजर व्हायचं की नाही, ते तू ठरव. फक्त माझं ते वाक्य बरोबर घेऊन ठरवू नकोस. ते मी परत घेतो, जाहीर, हिरामणसमोर.

जुनी वाळू नि दगड फेकून दिले. काच धुतली, नवं पाणी भरलं, तांब्याची चाचणी घेतली, काही निघालं नाही. पाणी महिनाभर फिरतंय, पण टाकीत अजून एकही जीव नाही. एक शंख दीपेशकडे राखून ठेवलाय. तो तू सोडायचास. मी हात मागे बांधून उभा राहीन.

आठ तारखेला नारळी पौर्णिमा आहे. येताना पैसा घेऊन ये. दुर्गाचं टपाल तुझ्या हाती दिलेलं होतं, तू ते सांगितल्या पत्त्यावर टाकलंस. पत्ता चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे ज्याला माहीत होतं त्याने सांगितलं नाही. असं टपाल खऱ्या पत्त्यावर पोचवावं लागतं, कितीही वर्षं झाली तरी. आपण रेवदंड्याला जाऊ.

वाट बघतो. नाही आलीस तरी लोभ कमी होणार नाही.

तुझा
मामा

———

नाशिक,
१४ ऑगस्ट २०२५

ती. मामास नमस्कार.

घाईत कार्ड लिहिते, पाळीवर जायचंय. सोमवारी हजर झाले. पहिले दोन दिवस मोठ्या सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. हात अजून कापतात, पण त्या म्हणाल्या, कापू देत, धुवून घे आणि ये. काल एका बाळाला नळीने दूध पाजलं. बाळ ठीक आहे. उद्या काय, ते माहीत नाही.

त्या दिवशी रेवदंड्याला लाटेने पैसा नेला तेव्हा तू मामीशी काहीतरी बोलत होतास. मी ऐकलं नाही, लांब उभी होते.

मी सोडलेला शंख कसा आहे ते कार्डाने कळव, फोन नको. मेला असेल तरी कळव.

तुझी
मृणाल