चाळीस सेकंदांची गिटार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे साष्टांगातली दोन-तीन अंगं या खेपेला कमी समजावीत. पाठ कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा बसून आहे? आमच्या लेकीला तू सांभाळतेस, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा सोसतेस, याबद्दल मी पत्रात आभार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला पेन उचललं होतं, पण खोटं कशाला लिहू? आमच्याकडे गेले सदतीस दिवस काहीही क्षेम नाही. तुझी भावजय माझ्याशी मोजकं बोलते, डॉक्टरांनी आशा सोडलेल्या रोग्याकडे बघावं तसा दुकानातला कारागीर माझ्याकडे बघतो, आणि खालच्या मजल्यावरच्या परिचारिकाबाईंना जिन्यात भेटायला नको म्हणून मी कचरा टाकायलासुद्धा जात नाही.

कारण तुला थोडंफार ठाऊक असेलच. लेकीने परीक्षेसाठी स्वतः एक गाणं केलं आहे आणि त्याच्या मधोमध चाळीस सेकंद इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, तू वाजवशील का?" ताई, तुला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी ती गाणं शिकायला निघाली तेव्हा मी काय काय बोललो होतो. ज्या माणसाने स्वतःची गिटार कपाटावर टाकून चष्म्याचं दुकान थाटलं, त्याला पोरीला शहाणपण शिकवायची भारी हौस. तेव्हापासून आमचं बोलणं ‘जेवलीस का' आणि ‘हो' यांच्या पुढे गेलं नव्हतं. ती तुझ्याकडे राहायला आली त्यानंतर तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि वाईट वाजवणं तर त्याहून शक्य नव्हतं. मी जमवलं नाही तर तिच्या वर्गातला एक मुलगा कॉम्प्युटरमधली तयार गिटार घालून देणार आहे. गाणं येत्या सोमवारी द्यायचं आहे.

बोटं अजून चालतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी हुरळलो. अडलं ते टोनपाशी. टोन म्हणजे काय, असं तू विचारशील. सूर बरोबर असतो, ताल बरोबर असतो, तरीही ऐकताना डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटतं, तेव्हा जे नसतं त्याला टोन म्हणतात. माझ्या जुन्या अॅम्पची, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या खोक्याची, खोड अशी की आवाज मोठा केल्याशिवाय तो नीट बोलतच नाही. आणि परिचारिकाबाई रात्रपाळी करून दिवसा झोपतात. म्हणून मी अॅम्प झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवला, वर दोन गोधड्या घातल्या, त्याच्या तोंडाशी स्टुलावर एक मायक्रोफोन उभा केला, आणि तिथून लांब वायर काढून लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. (कपाटातले कपडे कुठे गेले हे विचारू नकोस. तुझी भावजयही आता विचारत नाही.) इंटरनेटवर एक दाढीवाला म्हणतो मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावर धरा, दुसरा दाढीवाला म्हणतो कडेला धरा, तिसरा म्हणतो या दोघांचं ऐकू नका. मी तिघांचंही ऐकलं. रोज जेवणाच्या सुट्टीत घरी यायचं, मायक्रोफोन सुतभर सरकवायचा, वाजवायचं, पुन्हा ऐकायचं, असा क्रम सुरू झाला.

त्यात एक घुंईऽऽ असा आवाज यायचा. तो फ्रिजचा निघाला. फ्रिज बंद केला, आवाज गेला, मला इतका आनंद झाला की फ्रिज पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दूध, भाज्या आणि तुझ्या भावजयीने निगुतीने करून ठेवलेलं आठवड्याचं सगळं काही तिने माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून टाकून दिलं. मग दुसरा एक बारीक गुणगुणाट राहिला. तो गिटारचा होता आणि गिटारचं तोंड एका ठराविक दिशेला असेल तेव्हाच थांबायचा. ती दिशा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली फट. तिथे मी तिरका, एक गुडघा वर घेऊन बसायचो. (पाठीचा उलगडा झाला असेल.) खुर्चीचे पाय नेमके कुठे येतात ते लक्षात राहावं म्हणून फरशीवर चिकटपट्ट्या लावल्या. फरशी पुसताना त्या निघाल्या आणि माझा अख्खा गुरुवार, म्हणजे दुकानाचा सुट्टीचा दिवस, ती दिशा पुन्हा शोधण्यात गेला.

वाद्यांच्या दुकानात गेलो. त्या सज्जनाने माझं गाऱ्हाणं शांतपणे ऐकलं, मला नव्या तारा दिल्या, आवाज बदलणारं, पायाने दाबायचं एक पेडल दिलं, आणि मी दारातून बाहेर पडताना म्हणाला की साहेब, खरा टोन बोटांतच असतो. हे त्याने पेडल बांधून द्यायच्या आधी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडणार होतं?

आता दुकानातली गोष्ट सांगतो, पण भाऊजींना सांगू नकोस. सेटिंगं लक्षात राहीनात म्हणून मी ती चष्म्याच्या नंबरांच्या कार्डांवर लिहायला लागलो. हाताशी तीच होती आणि रकानेही तयार होते. खर्ज उजव्या डोळ्यात, तार आवाज डाव्या डोळ्यात, बाकीचं शेऱ्यात. त्यातलं एक कार्ड एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या फ्रेमबरोबर आतल्या खोलीत कारागिराकडे गेलं. उजवा सात, डावा तीन, शेरा ‘गोधडी दुहेरी'. कारागीर माझ्याकडे बावीस वर्षं आहे आणि मी लिहिलेल्यावर त्याने कधी शंका घेतलेली नाही. त्याने सातची आणि तीनची काच घासली, आणि गोधडी दुहेरी म्हणजे काचेवर दुहेरी लेप असणार, असं समजून तोही दिला. मुख्याध्यापक चष्मा लावून आमच्या पायऱ्या खेकड्यासारखे आडवे उतरले आणि अर्ध्या तासाने रिक्षाने परत आले. मी पाया पडलो. त्यांनी मला माफ केलं, पण आपला नवा चष्मा मात्र दुसऱ्या दुकानातून करणार असल्याचं हळुवारपणे कळवलं.

घरी तुझ्या भावजयीवर मी तोच प्रयोग करत होतो जो दुकानात गिऱ्हाइकावर करतो. हे बरं की आधीचं बरं? आता? आणि आता? बिचारी पहिले काही दिवस मन लावून सांगायची. नंतर म्हणू लागली, दोन्ही सारखंच. ताई, माझ्या धंद्यातली पहिली शिकवण ही की गिऱ्हाईक ‘दोन्ही सारखंच' म्हणालं की काचा बदलणं थांबवायचं. मी थांबलो नाही. मला फरक ऐकू येत होता. मी रोज कार्डावर लिहीत होतो, ‘सुतभर डावीकडे, आवाजाला अंग आलं.' ‘एक गोधडी काढली, ऊब गेली.'

परवा मंगळवारी ती टेबल आवरत असताना तिच्या हातून चमचा निसटला आणि लॅपटॉपशेजारी पडला. पडद्यावरची आवाजाची रेघ एकदम टोकाला जाऊन आली. मायक्रोफोन पलीकडच्या खोलीत, कपाटात, दोन गोधड्यांखाली. त्याला चमचा कसा ऐकू आला? मी बसून लॅपटॉपवरची एकेक खिडकी उघडून पाहिली. तर इतके दिवस आवाज घेत होता तो लॅपटॉपच्या पोटातला शेंगदाण्याएवढा माईक. कपाटातला मायक्रोफोन कधी निवडलेलाच नव्हता. फ्रिजचा आवाज येत होता, कारण लॅपटॉप फ्रिजला खेटून होता. मी सुतभर इकडे, सुतभर तिकडे जे सरकवत होतो ते कोणी ऐकतच नव्हतं. डोळे मिटून बसलेल्या गिऱ्हाइकाला मी महिनाभर काचा बदलून दाखवत होतो, आणि त्या गिऱ्हाइकाच्या जागी मीच होतो. मी फरशीवर बसलो. तुझी भावजय हसेल असं वाटलं होतं, पण तिने पाणी आणून दिलं.

मग खरा मायक्रोफोन निवडला. गोधड्यांमुळे सगळं घोरल्यासारखं आलं. चिडून दोन्ही गोधड्या फेकल्या, आवाज वाढवला, आणि वाजवलं. ताई, तो टोन आला होता. विशीत यायचा तसा, भरलेला. अकरा सेकंदांनी दाराची घंटा वाजली. परिचारिकाबाई केस विस्कटलेल्या, डोळे लाल, पण माझ्यावर न ओरडता त्यांनी विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" मी नाही म्हणालो आणि अॅम्प बंद केला. त्यांच्या झोपेवर रात्री कोणाकोणाचा जीव अवलंबून असतो, आणि माझं काय, चाळीस सेकंद. तेव्हापासून अॅम्पला हात लावलेला नाही.

आज गुरुवार. उद्या सकाळी काचा पोचवणारा माणूस तुमच्या गावावरून पुढे जाणार आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि लेकीचे इथे राहिलेले, धुतलेले कपडे पाठवतो. भाऊजींना नमस्कार सांग, तब्येतीला जप. माझ्यासारखा भाऊ मिळाला यात तुझा काही दोष नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. कपड्यांच्या पिशवीत, लोकरी टोपीच्या आत एक पेन ड्राइव्ह आहे. लेकीला दे. मागच्या गुरुवारी घेतलेलं त्यातल्या त्यात बरं वाजवणं त्यावर आहे, खिळ्यांसकट. (फोनवरून पाठवलं नाही, कारण पाठवताना टोन दबतो असं तिसऱ्या दाढीवाल्याने सांगितलं आहे.)

ता. क. २. देऊ नकोस. आत्ता ते शेवटपर्यंत ऐकलं. वाजवून झाल्यावर मी थांबवायचं बटण दाबायला विसरलो होतो. पुढे मी आणि तुझी भावजय बोलतो आहोत. तिने विचारलं, हे खरं म्हणजे कसं वाजायला हवं होतं? मी वायर काढलेली गिटार तशीच टेबलाशी बसून तिच्यापुढे वाजवून दाखवली. आणि मग म्हणालो, "ती माझ्यापेक्षा चांगली निघाली आणि मी तिला अडवत होतो. आता निदान चाळीस सेकंद तरी तिच्या उपयोगी पडू दे." हे तिने ऐकायला नको. मला लाज वाटते. नंतरचं कापून टाकायला गेलो तर सगळंच जाईल अशी भीती आहे, माझा हात आता त्या लॅपटॉपवर विश्वासाने पडत नाही. पेन ड्राइव्ह तुझ्या कपाटात ठेव आणि तिला सांग, बाबाला जमलं नाही. त्या मुलाची तयार गिटार घालू दे. एवढंच मागणं आहे.

ता. क. ३, ताई, हे मी लिहिते आहे. पाकीट बंद करायला तुमच्या भावाने माझ्याकडे दिलंय. पेन ड्राइव्ह ठेवा नाहीतर द्या, काही फरक पडत नाही. त्या गुरुवारी टेबल आवरताना ते यंत्र चालूच दिसलं, म्हणून मीच थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून लेकीला पाठवून दिलं. तिचं गाणं या सोमवारीच पुरं झालं. खिळे तिने काढून टाकले. वायर न लावता मला वाजवून दाखवलेलं तेवढं गाण्याच्या मधोमध घातलंय, आणि शेवटचं ते बोलणं स्वतःजवळ ठेवलंय. फोनवर म्हणाली, बाबाला इतक्यात सांगू नकोस. तुम्हीही सांगू नका. कळलं तर म्हणतील, थांबा, अजून एकदा नीट घेतो.