मधलं नाव

बाबा, गेल्या आठवड्यात एका बाईने मला फोनवर अगदी शांतपणे सांगितलं की तिच्या दप्तरी मी एक नाही, दोन बायका आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग कागद मागितला असता. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी कागदपत्रांचा घोळ झाला की मला अजून तुमचीच आठवण येते. एरवी येत नाही असं नाही, पण कमी येते, हेही सांगून टाकते.

नीट सांगते. इथे जर्मनीत, न्युरेम्बर्गला, भाड्याचं घर हवं असलं तर घरमालक तुमचं तोंड नंतर बघतो, आधी क्रेडिट स्कोअर बघतो. तुम्ही बिलं वेळेवर भरता का, हप्ते चुकवता का, याची नोंद ठेवणारी एक कंपनी असते, ती तो आकडा देते. आई पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी येतेय. तिचे गुडघे पार गेलेत आणि मी राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. मोठ्या मुश्किलीने तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. मालकीणबाई म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबते, तेवढा स्कोअर पाठवून द्या. मी ऐटीत मागवला. पंधरा वर्षांत एक बिल चुकवलेलं नाही मी. आणि आकडा आला तो कालच विमानातून उतरलेल्या माणसाचा असावा तसा. तो बघून मालकीणबाई चार दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी किल्ली देणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्या कंपनीला फोन लावला तो भांडायच्या तयारीनेच. माझ्या नावावर कुणीतरी उधारी करतंय, असं मी फोनवरच्या बाईला दोनदा सुनावलं. तिने ऐकून घेतलं. "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', ती म्हणाली, "तुमच्याच नाव-आडनावाच्या आणि जन्मतारखेच्या आमच्याकडे दोन बायका आहेत. एकीच्या नावात तीन शब्द आहेत. तिच्या पंधरा वर्षांच्या नोंदी आहेत, सगळ्या उत्तम. दुसरीच्या नावात दोनच शब्द आहेत आणि ती गेल्या वर्षी अचानक उगवली. तो मधला शब्द काय आहे?" मी म्हटलं, वडिलांचं नाव. "मग ते गेलं कुठे?" तिने कामापुरतंच विचारलं होतं, पण मला तुमचं कचेरीतलं टेबल आठवलं.

तुम्ही तहसील कचेरीत नकला देणारे कारकून. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसलेली असते, आणि लोक तुमच्यापुढे दाखले धरून उभे असतात. कुणाच्या बापाचं नाव चुकलेलं, कुणाचं लिहिलेलंच नाही. तुम्ही प्रत्येकाला तेच सांगता, "आज दुरुस्त कर, उद्या पोरांना भोवेल." आजोबांचं नाव तुमच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं होतं ते कुत्र्याला हाक मारावी तसं. आपल्या वस्तीतल्या सगळ्यांचीच ते तशी लिहायचे. ते नाव माणसासारखं लिहून घ्यायला तुम्ही दोन वर्षं खेटे घातलेत, नोकरी लागायच्या आधी, एसटीचे पैसे उसने घेऊन. सातवीत स्कॉलरशिपच्या फॉर्मवर मी माझं नाव आणि आडनाव लिहून मोकळी झाले, तेव्हा तुम्ही तो फॉर्म माझ्यासमोर फाडलात. "बाप मेला का तुझा?" एवढंच म्हणालात. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पोर आहे ती." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तुम्ही शाळेतून नवा फॉर्म आणून दिलात. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते.

तर ते गेलं कुठे, ऐका. मी कंटाळले होते. दवाखान्यात नर्स बाहेर येऊन फ्राऊ म्हणायची आणि पुढे तुमचं नाव. तुम्हाला बाई करून टाकलेलं बघून पहिल्यांदा मला खूप हसू आलं. पुढे हसू आटलं. ऑफिसच्या ओळखपत्रावर तुम्ही, पार्सलवर तुम्ही, आणि प्रत्येक ठिकाणी माझं तेच पुराण, की आमच्यात असं असतं. गेल्या वर्षी इथलं नागरिकत्व घेतलं. इथल्या कायद्यात असं मधलं नाव बसत नाही, त्यामुळे त्या वेळी ते काढायची मुभा असते. मी काढलं. सही करायला एक मिनिटही लागलं नाही. आता परत लावता येईल का, म्हणून परवा विचारून आले. नाइन, म्हणजे नाही, म्हणाले. एकदाच ठरवायचं असतं.

दोन्ही बायका एक करायला मला त्याच सहीचा कागद शोधून पाठवावा लागला. गुरुवारी आकडा सुधारून आला, शुक्रवारी घर मिळालं. आई फोनवर म्हणाली, "कसं गं जमवलंस एवढ्यात? बाबांवर गेलीस अगदी." मी हो म्हटलं.

आईला यातलं काहीच माहीत नाही. तुम्हालाही सगळं सांगितलेलं नाही. नागरिकत्वाच्या टेबलावर एक म्हातारासा साहेब होता, तुमच्यासारखाच, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. सही करायच्या आधी त्याने मला थांबवलं. म्हणाला, वडिलांचं नाव आहे ना, ठेवायचं असेल तर ठेवा, काहीही अडणार नाही. कायद्यात बसत नाही म्हणून काढलं, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आले, पण तसं झालं नव्हतं, बाबा. मला पुढची ट्राम गाठायची होती. मी त्याला म्हटलं, काढून टाका, त्या नावाला काही अर्थ नाही.