मोटरच्या पेटीची किल्ली

अहो,

बोअरच्या मोटरच्या पेटीची किल्ली शोधू नका, मी घेऊन गेलेय. पाण्यात आर्सेनिक निघालंय आणि ते उकळून जात नाही. पाणी आपल्या रानातलं असलं, तरी विष काही ओळखपाळख बघत नाही.

असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. झालाय असं नाही म्हणाले, रक्त तपासा म्हणाले.

मी दवाखान्यात नंबर लावायला पुढे जातेय. माठात नळाचं पाणी भरलंय, तोंड वाकडं न करता प्या आणि या. लघवीचं सांगायची लाज वाटत असेल, तर मी सांगेन. रात्री तुम्ही सारखे उठता, तेव्हा मीही जागीच असते. एकटीनं घाबरायचा आता कंटाळा आलाय.

मथुरा