हात धुऊन येते

रविवार, ३ मार्च. दुपार.

स्केचिंग ग्रुपचा पहिला रविवार. वेळ आठची, मी सातला हजर. चौकात फक्त मी आणि झाडूवाला. सामान: पेन्सिली नऊ, खोडरबर दोन, फूटपट्टी, गुण्या, ओळंबा, घडीचं स्टूल. बाकीचे एक वही आणि एक पेन घेऊन आले. असो.

ग्रुप दातांच्या एक डॉक्टरबाई चालवतात. साडेदहापर्यंत समोर दिसेल ते काढायचं, मग सगळ्यांनी वह्या उघडून जमिनीवर ओळीनं मांडायच्या. याला ते ‘पसारा’ म्हणतात. अर्धवट असलं तरी मांडायचं. कोणी ‘छान’ म्हणायचं नाही, काय दिसलं तेवढंच सांगायचं. नियम आवडला. मी नियम पाळणारी आहे.

घड्याळाचा टॉवर निवडला. ओळंबा धरला तर टॉवर डावीकडे कललेला निघाला! सरळ काढावा तर खोटेपणा, कललेला काढावा तर लोक म्हणणार हिला येत नाही. या विचारात साडेदहा झाले. पसाऱ्याच्या वेळी नेमकी हात धुवायला गेले होते. पेन्सिलीचे डाग पडतात.

घरी आईला टॉवरचं सांगितलं. ती म्हणाली, हो का, अंगण वाकडं का? आणि भाजी ढवळायला लागली.

रविवार, १० मार्च

क्षितिजरेषा मारली. अचूक.

समोरच्या पोस्ट ऑफिससमोर एक व्हॅन उभी होती. आहे ते काढायचं, म्हणून व्हॅन काढली. पाऊण तास. व्हॅन निघून गेली. आता नसलेली व्हॅन चित्रात ठेवणं मनाला पटेना, म्हणून खोडली. तेवढ्यात दुसरी आली.

शेजारी बस ड्रायव्हर काका बसतात. शेवटच्या स्टॉपवर गाडी चार मिनिटं थांबते तेवढ्यात काढायची त्यांना सवय. आज त्यांनी सात चित्रं काढली. सारखे माझ्याकडे बघत होते. माझं तंत्र शिकत असावेत. मला ते इंजिनिअर बाई म्हणतात. आदर आहे.

दहा पंचवीसला हात धुतले.

बुधवार, १३ मार्च. ऑफिस.

औषधांच्या डब्यातल्या कागदांची प्रुफं तपासताना विचार केला. मी भित्री नाही, काटेकोर आहे. बाबा ड्राफ्ट्समन होते. दहाव्या वर्षापर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर. पहिला धडा: रेघ एकदाच मारायची. दुसरा धडा: म्हणून मारण्याआधी शंभरदा विचार करायचा. पहिल्या वर्षी दोनच धडे झाले.

संकल्प: येत्या रविवारी एक संपूर्ण चित्र. काहीही झालं तरी.

रविवार, १७ मार्च

बेकरी. न विचारता कुणाचं दुकान काढणं बरं नव्हे, म्हणून आत जाऊन परवानगी मागितली. बेकरीवाला म्हणाला, थांबा हं. आत गेला, शर्ट बदलून, केस विंचरून आला आणि दारात उभा राहिला. हनुवटी वर करून. मला माणसं येत नाहीत. आता ‘तुम्ही बाजूला व्हा’ कसं म्हणणार? वीस मिनिटं तो हलला नाही आणि मीही नाही. शेवटी त्यानं विचारलं, नाक आलं का? मी म्हटलं, येतंय. दोन पाव घेतले आणि जागा बदलली.

हात धुतले. पावाचेही डाग होते.

रविवार, २४ मार्च

वाचनालयात प्रदर्शन! उद्घाटन १३ एप्रिलला. प्रत्येकाचं एक चित्र. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. वाटलं, मांडणीबद्दल सल्ला विचारणार. हळूच म्हणाल्या, दर रविवारी याच वेळी जावं लागतं तुला, पोटाचं काही आहे का? माझा एक मित्र चांगला डॉक्टर आहे.

मी म्हटलं, बघते. खरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

बाबांना प्रदर्शनाचं सांगितलं. बाबा चार वर्षांत पेन्शनच्या कामाशिवाय कुठे बाहेर पडलेले नाहीत. म्हणाले, तुझं चित्र भिंतीवर लागणार असेल तर येतो. कपाटातून त्यांची पितळी कंपासपेटी काढून माझ्यासमोर ठेवली. आई माझ्याकडे बघत राहिली.

आता चित्र झालंच पाहिजे.

रविवार, ३१ मार्च

क्षितिजरेषा मारली. कंपास वापरला. गोल काहीच नव्हतं.

रविवार, ७ एप्रिल

चित्र द्यायचा शेवटचा दिवस. दिलं नाही. घाईत दिलेलं काम हे काम नव्हे. डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हर काकांकडे पाहिलं, काका आपल्या बुटांकडे बघत हसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ये तर खरं. बाबांनाही आण.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगते.

शुक्रवार, १२ एप्रिल

बाबांनी शर्टाला इस्त्री केली. उद्या सांगते.

शनिवार, १३ एप्रिल

आई, बाबा, मी. वाचनालयाच्या पायऱ्यांवर सांगणार होते, पण बाबांना गुडघ्याचा त्रास, त्यात आणखी नको.

भिंतीवर नऊ चित्रं. बाबा पहिल्यासमोर थांबले. घड्याळाचा टॉवर (सरळ!) आणि पायथ्याशी स्टुलावर एक मुलगी, हात लांब करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरलेली. दुसऱ्यात पोस्ट ऑफिस, कोपऱ्यात तीच. तिसऱ्यात बेकरी, बेकरीवाला आणि तीच. मग मी मोजणं सोडलं. नऊच्या नऊ. ड्रायव्हर काकांच्या चित्रात तर चौकच नव्हता, नुसती मी आणि ओळंबा.

काका बाबांना म्हणाले, साहेब, रागावू नका. या शहरात सगळं पळतं. गाड्या, माणसं, कबुतरं. अडीच तास जागची न हलणारी तुमची लेक एकटीच. आमचे सगळ्यांचे हात तिच्यावर बसले.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा सगळी चित्रं पाहिली. म्हणाले, हिच्या मांडीवरचा कागद सगळ्यांनीच कोरा कसा सोडला?

आई म्हणाली, असेल तसं काढलंय त्यांनी.

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. बाबा म्हणाले, हात बरोबर धरलाय. मनगट ताठ आहे. आणि जरा वेळानं, भिंतीकडेच बघत, मी पण बाहेर बसून कधी काही काढलं नाही गं. ऑफिसात पुढ्यात येईल ते काढत गेलो.

काकांनी त्यांना विचारलं, मग उद्या येता का? बाबा हो म्हणाले!

रविवार, १४ एप्रिल. सकाळी सहा.

आजचा संकल्प लेखी: वही मांडणार. काय असेल ते. बाबांसमोर मांडणार. पेन्सिल एकच नेणार. ओळंबा घरी.

रविवार, १४ एप्रिल. दुपार.

ओळंबा बाबांनी घेतला होता.

बाबा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. कोरा कागद, एक डोळा मिटलेला, हात लांब. अडीच तास. सगळा ग्रुप त्यांच्याकडे वळला. मीही वळले. दुसरं करणार काय, हलतच नव्हते. पंधरा मिनिटांत बाबा उतरले कागदावर. नाक चुकलं. कान एक मोठा. पण कॉलरला इस्त्री दिसते. खोडलं नाही, रबर घरी होता.

दहा पंचवीसला बाबांनी पेन्सिल खिशात घातली आणि म्हणाले, जरा हात धुऊन येतो.

हातावर एकही डाग नव्हता. वय झालंय, त्यांना गर्दी सोसत नाही. मी मांडायला तयारच होते, पण त्यांना नळ कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. सोबत जाणं भाग पडलं.

चांगली दहा मिनिटं हात धुतले आम्ही. बाबा म्हणाले, पाणी गार आहे. मी म्हटलं, हो.

वही मात्र स्टुलावर उघडीच राहिली. घाईत. त्याला मांडणं म्हणत नाहीत.