रविवारची नोंद

धुळे, गुरुवार

प्रिय मेघा,

फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तू 'काय गं दिपे' म्हणाली असतीस आणि माझा सगळा राग पातळ झाला असता. मला तो पातळ करायचा नाहीये, म्हणून लिहिते आहे.

आधी इथली खबरबात. प्रेमराजसरांच्या पॅथॉलॉजीत रक्त, लघवी आणि वीर्यतपासणी, सकाळी नऊ ते पाच. जळगावच्या टेस्ट ट्यूब सेंटरमध्ये सहा वर्षं भ्रूण सांभाळल्यावर हे काम म्हणजे सुगरणीला भांडी घासायला बसवणं, पण तक्रार नाही. शिक्षा समजूनच आले होते. तिथे खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या बेबामावशी उदबत्ती घेऊन लॅबच्या दारात उभ्या राहिल्या, 'बठ्ठा मशिनस्नी पूजा व्हस, याच मशीननी काय पाप करेल शे?' म्हणाल्या. सगळ्या यंत्रांची पूजा होते, मग भ्रूणांच्या यंत्राचीच का नाही, यावर मला नाही म्हणवलं नाही. लॅबच्या बाहेर, पॅसेजमध्ये, एकच उदबत्ती. वासानंही भ्रूणांना अपाय होतो म्हणून जिथे आपण गजरासुद्धा काढून ठेवून आत जातो, तिथे मी धूर होऊ दिला. त्याच आठवड्यात पाच जोडप्यांचे सगळे भ्रूण तिसऱ्या दिवशी वाढायचे थांबले. सेंटरच्या सरांनी कारण विचारलं तेव्हा उदबत्तीचं मीच सांगितलं. तू शेजारी होतीस. माझ्या पाठीवर हात ठेवलास. मी नोकरी सोडली, तू माझ्या जागी मुख्य झालीस, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. तो हात मला इतके दिवस आधार वाटत होता.

आठ महिने झाले, सासूबाईंनी देवापुढे उदबत्ती लावली की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. आणि पुनम डोळ्यांपुढून हलत नाही. त्या पाच जोडप्यांतली वरणगावची पुनम, जिचा नवरा योगेंद्र दर खेपेला रजा टाकून सोबत यायचा. वय एक्केचाळीस, चारच बीजं मिळाली होती, चारही फलित झाली होती. सरांनी तिला सांगितलं, तुमची बीजंच कमकुवत आहेत, आता पुन्हा प्रयत्न नको. उदबत्तीचं तिला कोण सांगणार? मी मान खाली घालून ऐकलं. त्याची लाज मला अजून वाटते.

तर गेल्या महिन्यात प्रेमराजसरांनी ठरवलं, पुढच्या वर्षी इथेही टेस्ट ट्यूबचा विभाग काढायचा. तीन कंपन्यांनी तेलाचे नमुने पाठवले, भ्रूणाच्या थेंबावर पांघरूण म्हणून घालतो ते तेल. त्यात विष नाही ना, हे बघायची चाचणी माझ्याकडे आली. तूच मला शिकवलेली. तेलाखाली वीर्याचा थेंब ठेवायचा, दोन दिवस थांबायचं आणि किती शुक्राणू अजून पोहताहेत ते मोजायचं. शेजारी एक थेंब आधी पास झालेल्या, भरवशाच्या तेलाखाली. भरवशाचं म्हणून मी जळगावहून आणलेली माझी बाटली काढली. दोन दिवसांनी तिन्ही कंपन्यांचे थेंब छान वळवळत होते. भरवशाच्या तेलाखाली एकही हलत नव्हता.

मला वाटलं, माझाच हात चुकला. स्वतःवर संशय घ्यायची एव्हाना सवय झाली आहे. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा दुसरा नमुना घेऊन लावली. तेच. मग बाटलीवरचा बॅच नंबर वाचला. उदबत्तीच्या त्या आठवड्यात वापरली तीच बॅच.

ती बाटली माझ्याकडे कशी आली, आठवतं? मी सामान आवरत होते आणि तू त्या बॅचच्या तीन न फोडलेल्या बाटल्या कचऱ्यात टाकत होतीस. जुनं झालंय म्हणालीस. मुदत संपायला अजून वर्ष होतं. मी एक उचलून पिशवीत टाकली तेव्हा तुझा चेहरा का उतरला होता, ते मला आत्ता कळतंय. माझ्याकडे ती खराब झाली असं म्हणू नकोस, अंधारात आणि गार जागीच होती. मेघा, चांगलं तेल कुणी टाकत नाही. तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू मला त्या उदबत्तीचं ओझं घेऊन जाऊ दिलंस, बसमध्ये बसवायलाही आलीस.

मग सेंटरच्या रजिस्टरमधली नोंद आठवली. नव्या बॅचची चाचणी शुक्रवारी लावली, रविवारी पाहिली, अठ्ठ्याहत्तर टक्के शुक्राणू हलते, पास. पहिली सही तुझी. त्या रविवारी तू भडगावला होतीस, तुझ्याच साखरपुड्यात. मला पक्कं माहीत आहे, कारण तुझ्या शालूच्या निऱ्या मी बसवत होते. आणि सोमवारी त्या नोंदीखाली दुसरी सही मी केली, न वाचता. तू लिहिलंस म्हणजे झालंच असेल. दुसरी सही कशासाठी असते, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचे. आधीच्या, पास झालेल्या तेलाच्या दोन बाटल्या शिल्लक होत्या गं. चाचणी राहिली, एवढं सांगितलं असतंस तरी आठवडा निभला असता.

काल मी वरणगावला गेले. पुनमच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं, तेल, न झालेली चाचणी, दोन सह्या आणि दोन्ही नावं. हेही सांगितलं की चांगल्या तेलात भ्रूण टिकलेच असते असं कुणी म्हणू शकत नाही, पण तिची बीजं कमकुवत होती असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नव्हता. वाटलं, ती मला हाकलून देईल. तिनं एवढंच विचारलं, 'म्हणजे माह्यं काही वाईट नव्हतं ना ताई?' दोनदा विचारलं. मग योगेंद्रभाऊंना हाक मारली आणि त्यांच्यासमोर मला पुन्हा सांगायला लावलं. ते दारातच खाली बसले. सोमवारी अकरा वाजता दोघं सेंटरमध्ये येताहेत, रजिस्टर बघायला. मी सोबत असेन, माझा जबाब लिहून झाला आहे. हे पत्र कुरियरनं शनिवारी तुझ्या हातात पडेल, म्हणजे सरांना स्वतः सांगायला तुला दोन दिवस मिळतील. तू मला एकही दिला नव्हतास. पुनम काउंटरवर तुझं नाव घेईल तेव्हा तूच बाहेर ये. तो एक प्रश्न ती तुलाही विचारणार आहे, आणि त्याचं उत्तर तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

दिपमाला